निकेयाचं भांडण आणि रमाबाईंची शंका

इसवी सन ३३५. आजच्या लेबनॉनमधल्या टायर या बंदरात बिशपांची सभा भरली होती आणि सभेपुढे पुरावा म्हणून माणसाचा एक तुटलेला हात ठेवला होता. हात अर्सेनियस नावाच्या बिशपाचा, असं सांगण्यात येत होतं. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस यानं अर्सेनियसचा खून केला आणि जादूटोण्यासाठी त्याचा हात कापून घेतला, असा आरोप होता. अथनेशियसनं विचारलं, अर्सेनियसला ओळखणारं इथे कुणी आहे का? बरेच जण निघाले. मग त्यानं अंगभर पांघरूण घेतलेल्या एका माणसाला पुढे आणवलं. चेहरा उघडला, तर खुद्द अर्सेनियस! पांघरुणाच्या एका बाजूनं त्याचा एक हात बाहेर काढला, जरा थांबून दुसऱ्या बाजूनं दुसरा. आता तिसरा हात कुठून कापला ते आरोप करणाऱ्यांनीच दाखवावं, अशा अर्थाचं काहीतरी अथनेशियस बोलला, असं पाचव्या शतकातला चर्चचा इतिहासकार सॉक्रेटिस लिहितो. (हा सॉक्रेटिस वेगळा, विषाचा पेला प्यायला तो याच्या आठशे वर्षं आधीचा.)

एवढं होऊनही सभेनं अथनेशियसला दोषी ठरवलंच. हात हे निमित्त होतं. त्याच्यावर दात धरून बसलेल्यांत अनेकांना जुना हिशेब चुकता करायचा होता, आणि तो हिशेब येशू नेमका कोण, या प्रश्नाचा होता. स्वतः देव, की देवानं निर्माण केलेल्यांत सर्वश्रेष्ठ?

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हटलं की आपल्याकडे लगेच ब्रह्मा-विष्णू-महेश आठवतात. ती तुलना इथे फार उपयोगी नाही. उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामांची वाटणी ख्रिस्ती त्रैक्यात नाही, आणि तीन देव आहेत असं तर कुठल्याच पंथाचा ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. अडचण वेगळीच आहे. ख्रिस्ती धर्म यहुदी घरात जन्मला. देव एकच, ही त्या घराची पहिली शिकवण. पण पहिल्या पिढीपासूनच हे लोक येशूच्या नावानं प्रार्थना करू लागले, त्याला प्रभू म्हणू लागले. देव एक, आणि भक्ती येशूचीही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? तीनशे वर्षं जो तो आपापल्या परीनं उत्तर देत होता आणि रोमन सरकारच्या छळाच्या दिवसांत त्या उत्तरांची काटेकोर चौकशी करायला कुणाला सवडही नव्हती.

ती चौकशी सुरू झाली अलेक्झांड्रियात, ३१८च्या सुमारास. बोकॅलिस नावाच्या चर्चमध्ये एरियस हा धर्मगुरू होता. मूळचा लिबियाकडचा, उंच, किडकिडीत, वागण्यात साधा आणि बोलण्यात गोड. त्याचं म्हणणं सरळ होतं. देव अनादी आहे, त्याला कुणी जन्म दिलेला नाही. पुत्राला मात्र पित्यानं जन्म दिला. ज्याला जन्म आहे त्याला आरंभ आहे, म्हणजे पुत्र नव्हता अशी एक अवस्था असलीच पाहिजे. तेव्हा पुत्र ही देवाची पहिली आणि सर्वोत्तम निर्मिती, पण निर्मितीच. बायबलचे आधारही त्याच्याकडे होते. पिता माझ्याहून थोर आहे, असं योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच म्हणतो. शेवटची घटिका पुत्रालाही ठाऊक नाही, असं मार्कच्या शुभवर्तमानात आहे. एरियसनं आपली मतं पद्यात बांधली. खलाशी, जात्यावरचे मजूर आणि वाटसरू यांच्यासाठी त्यानं गाणी रचली, असं त्याच्याच बाजूचा एक इतिहासकार अभिमानानं सांगतो. तिथल्या बिशप अलेक्झांडरनं त्याला पदावरून काढलं, तेव्हा प्रकरण बंदरातून जहाजांबरोबर सगळीकडे पसरलं.

३२४ साली कॉन्स्टंटाइननं पूर्वेकडचा प्रतिस्पर्धी लिसिनियस याला हरवलं आणि अख्खं रोमन साम्राज्य त्याच्या हाती आलं. पाहतो तर ज्या धर्माच्या जोरावर साम्राज्य एकत्र बांधायचं, त्या धर्मातच फूट. त्यानं अलेक्झांडर आणि एरियस दोघांना मिळून एकच पत्र पाठवलं. पत्राचा सूर थोडक्यात असा, की इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून भांडता कशाला, तत्त्वज्ञ मंडळी मतभेद ठेवूनही एकत्र नांदतातच की. हा प्रश्न क्षुल्लक नाही हे राज्यकर्त्याला उमगलं नव्हतं. मला तर वाटतं, ते त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

पत्रानं भागलं नाही, म्हणून ३२५च्या उन्हाळ्यात त्यानं निकेया इथे बिशपांची महासभा बोलावली. हे गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. बिशपांच्या प्रवासासाठी सरकारी टपालाची वाहनं आणि घोडे दिले गेले. परंपरा ३१८ बिशपांची संख्या सांगते, पण तो आकडा अब्राहामाच्या ३१८ सेवकांवरून जुळवलेला दिसतो. हजर असलेला सीझेरियाचा बिशप युसेबियस अडीचशेहून अधिक म्हणतो. पश्चिमेकडचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रोमचा बिशप सिल्वेस्टर आला नाही, त्यानं दोन धर्मगुरू पाठवले. आलेल्यांपैकी काहींच्या अंगावर जुन्या छळाच्या खुणा होत्या. इजिप्तच्या पॅफ्नुशियसचा एक डोळा फोडलेला होता, आणि सम्राट त्या रिकाम्या खोबणीचं चुंबन घेत असे, अशी आख्यायिका आहे. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांना सरकारनं तुरुंगात आणि खाणीत डांबलं, तेच आता सरकारी इतमामानं दरबारात बसले होते. त्यांचं डोकं थोडं चक्रावलं असेल तर नवल नाही.

एरियसला पेचात पकडेल असा शब्द बायबलमधून निवडायला सभा बसली, पण प्रत्येक शब्दाला एरियसची माणसं मान डोलवत. तोही आम्हाला मान्य, आमच्या अर्थानं! शेवटी बायबलमध्ये नसलेला एक ग्रीक शब्द पुढे आला, होमोऊसिओस, म्हणजे पित्याशी एकतत्त्व. हा शब्द अनेकांना खुपत होता. याच शब्दाचा एक वापर अंत्युखियाच्या सभेनं २६८ साली त्याज्य ठरवला होता. पण सम्राटाचा त्याला पाठिंबा होता, आणि सम्राटासमोर किती जण नाही म्हणणार? लिबियाकडचे थिओनास आणि सेकुंडस हे दोनच बिशप अखेरपर्यंत हटले नाहीत. एरियसबरोबर त्यांनाही हद्दपार केलं. सीझेरियाच्या युसेबियसनं हा शब्द असलेल्या मतांगीकारावर, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीवर, सही केली आणि आपण असं का केलं याचं लांबलचक स्पष्टीकरण आपल्या मंडळीला पत्रानं कळवलं. ते पत्र वाचताना त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो.

निकेयाबद्दलच्या दोन समजुती इथेच निकालात काढतो. बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची हे तिथे ठरलं नाही; तो विषयच नव्हता. आणि पुढे सांताक्लॉज म्हणून गाजलेल्या संत निकोलसनं भर सभेत एरियसच्या कानाखाली वाजवली, ही गोष्ट हजारेक वर्षांनंतरच्या लिखाणात येते. ख्रिसमसच्या सुमारास समाजमाध्यमांवर ती दरवर्षी फिरते. फिरू द्या.

खरं म्हणजे निकेयात काही संपलं नाही, तिथून सुरू झालं. दोन-तीन वर्षांत कॉन्स्टंटाइनचं मन बदललं, हद्दपार झालेले परत आले. त्याला मरणशय्येवर ३३७ साली बाप्तिस्मा दिला तो निकोमिडियाच्या युसेबियसनं. हा दुसरा युसेबियस एरियसचा सर्वांत वजनदार पाठीराखा. एरियस स्वतः त्याआधी वर्षभर कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये एका सार्वजनिक शौचालयात मेला आणि विरोधकांनी त्यात देवाचा न्याय पाहिला. विषप्रयोगाची शंका पुढे अनेकांनी घेतली.

निकेयाच्या बाजूचा अथनेशियस ३२८ साली अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि पुढची ४५ वर्षं त्या पदावर होता, त्यांतली सुमारे १७ हद्दपारीत गेली. पाच वेळा त्याला शहर सोडावं लागलं. टायरच्या सभेनंतर तो थेट कॉन्स्टॅन्टिनोपलला गेला आणि घोड्यावरून चाललेल्या सम्राटाला त्यानं रस्त्यातच गाठलं. तेव्हा विरोधकांनी तुटका हात बाजूला ठेवून नवा आरोप आणला, की हा राजधानीला जाणारी इजिप्तची धान्याची जहाजं रोखण्याची धमकी देतो. हा आरोप लागू पडला. धान्याला हात घातला की राज्यकर्ता धर्मशास्त्र ऐकत नाही. अथनेशियसची रवानगी आजच्या जर्मनीतल्या ट्रियरला झाली.

तो धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याच सुमाराचं, विरोधी गटातल्या एकानं पपायरसवर लिहिलेलं एक खासगी पत्र लंडनमध्ये जपलेलं आहे. अथनेशियसच्या माणसांनी आपल्या लोकांना कसं बडवलं याची हकिगत त्यात आहे. पण त्याचा युक्तिवाद मात्र एरियसपेक्षा खोल जातो, असं माझं मत आहे. एरियस देवाच्या व्याख्येपासून निघतो; अथनेशियस विचारतो, की चर्चमध्ये रोज आपण करतो काय? येशूची प्रार्थना करतो, त्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो. तो निर्माण केलेला असेल तर ही मूर्तिपूजा झाली. आणि जो स्वतःच निर्मितीपैकी आहे, तो बाकीच्या निर्मितीला देवापर्यंत नेणार कसा? तारायचं असेल तर देवानंच खाली यायला हवं. एरियसच्या चोख तर्कात देव निष्कलंक राहतो, पण दूर राहतो.

मधल्या काळात राजकारणाचं पारडं सतत हलत राहिलं. कॉन्स्टंटाइनचा मुलगा कॉन्स्टॅन्टियस एरियसच्या बाजूला झुकलेला. ३५९ साली रिमिनी आणि सेल्यूशिया इथल्या सभांत निकेयाचा शब्द गुंडाळून ठेवायला बिशपांना भाग पाडलं गेलं. अवघं जग कण्हलं आणि आपण एरियसपंथी झालो हे पाहून थक्क झालं, असा टोमणा लॅटिन पंडित जेरोम यानं पुढे मारला. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या बाजारात भाकरीचा भाव विचारावा तर दुकानदार पिता थोर की पुत्र यावर प्रवचन देतो, अशी निस्साच्या ग्रेगरीची तक्रार आहे. शेवटी बेसिल, त्याचा भाऊ हा ग्रेगरी आणि त्यांचा मित्र दुसरा ग्रेगरी, या कप्पादुकियाच्या तिघांनी तत्त्व एक आणि व्यक्ती तीन अशी मांडणी घडवली, पवित्र आत्म्यालाही त्यात जागा दिली. ३८१ साली सम्राट थिओडोसियसच्या आश्रयानं कॉन्स्टॅन्टिनोपलच्या महासभेनं ती पक्की केली. आज वसईच्या चर्चमध्ये मिस्साला किंवा नगरच्या उपासनेत जो निकेयाचा मतांगीकार म्हटला जातो, तो या ३८१च्या रूपातला आहे.

हरलेली बाजू मात्र संपली नाही. गॉथ लोकांना ख्रिस्ती धर्म मिळाला तो एरियसपंथी बिशप उल्फिलासकडून. त्यानं बायबल गॉथिक भाषेत नेलं. स्पेनचे व्हिसिगॉथ ५८९पर्यंत त्याच वाटेवर होते. १५५३ साली त्रैक्य नाकारणाऱ्या मिखाएल सर्व्हेटसला जिनिव्हात जिवंत जाळलं. आयझॅक न्यूटन मनातून त्रैक्यविरोधी, आणि नोकरी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात! तिथे धर्मदीक्षा घेणं सक्तीचं होतं, १६७५ साली त्याला खास सवलत मिळाली म्हणून निभावलं. पुढे इंग्लंड-अमेरिकेत युनिटेरियन म्हणून उघड पंथच उभा राहिला. आपल्या विठ्ठल रामजी शिंद्यांना १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला पाठवलं ते याच युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीनं.

शिंदे हिंदू राहूनच तिकडे गेले. त्याआधी दीड दशक येशू कोण हा प्रश्न आतून भिडला तो पंडिता रमाबाईंना. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला, मुलगी मनोरमेसह. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन. पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील. १८८५ साली या तिघींत जो पत्रव्यवहार झाला, त्यात चौथ्या शतकातलं सगळं भांडण नव्यानं उभं राहिलेलं दिसतं. येशूचं देवत्व, त्रैक्य, कुमारीच्या पोटी जन्म, चमत्कार, सगळ्याबद्दल रमाबाई विचारतात. जे बायबलमध्ये स्पष्ट सापडत नाही, ते केवळ बिशप सांगतात म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात अथनेशियसच्या नावाचा एक मतांगीकार आहे. तो मुळात लॅटिन आणि त्याच्यानंतरचा, तरी त्याच्या नावावर खपतो. हे त्रैक्य जो मानणार नाही त्याचा नाश होईल, असा त्याचा सूर. रमाबाईंना तो पटेना. पुराणं-शास्त्रं तोंडपाठ करून मग त्यांच्याशी भांडलेली ही बाई. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरायला ती इंग्लंडला गेलेली नव्हती.

सिस्टर जेराल्डिनना यात अहंकार आणि हट्ट दिसला. बीलबाईंनी मात्र शंकेला शंका म्हणूनच वागवलं आणि लांब, धीराची उत्तरं लिहिली. दोघींची पत्रं शेजारीशेजारी ठेवून वाचली की गुरूगुरूंतला फरक कळतो. क्रुसावरची अक्षरं लॅटिनऐवजी संस्कृत का नसावीत, हाही रमाबाईंचा मुद्दा त्यात आहे आणि तो मला त्रैक्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपण कुठल्या एका पंथाच्या नसून ख्रिस्ताच्या मंडळीच्या आहोत, असं त्या म्हणत राहिल्या. १८८६च्या फेब्रुवारीत आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला निघाल्या, आणि वाँटेजच्या सिस्टरांचा ताबा सुटला तो कायमचा.

१८९१च्या सुमारास येशू हाच तारणारा, असा अनुभव आल्याचं त्या पुढे लिहितात. म्हणजे शेवटी त्या पोचल्या अथनेशियसच्याच गावी, पण स्वतःच्या पायांनी. मग हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, भाषांतर १९२४ साली छापून निघालं.

वाँटेज-चेल्टनहॅमचा हा सगळा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिननी जपून ठेवला होता. अ. भि. शहा यांनी तो संपादित केला आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. रमाबाई म्हणजे शारदा सदन आणि केशवपनाविरुद्धची झुंज, एवढीच ज्यांची ओळख असेल त्यांनी या सुटीत ग्रंथालयातून हे पुस्तक मिळवावं आणि १८८५ सालची पत्रं आधी वाचावीत.