तान्ह्या बाळाची आकडी आणि कुंभाराचं गाढव

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातली कारणाची व्याख्या पाहिली. कार्याच्या आधी नियमानं असतं आणि 'अन्यथासिद्ध' नसतं, ते कारण. अन्यथासिद्धाचं जुनं उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. गाढवानं माती आणली, घड्याच्या आधी ते हजर होतं. तरी ते घड्याचं कारण नव्हे. आज हाच विचार आम्ही माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या एका संशोधनाला लावून पाहणार आहोत. डॉ. व्रजेश उदानी हे लहान मुलांच्या मेंदूविकारांचे तज्ज्ञ. बालवयातला अपस्मार हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

तान्ह्या बाळाची आकडी आधी ओळखूच येत नाही. फेफरं म्हटलं की आपल्याला पडणं, हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं आठवतं. पाच-सहा महिन्यांच्या बाळाचं तसं नसतं. झोपेतून उठल्यावर ते मान पुढे टाकतं, हात झटकन पसरतं, क्षणभर थांबतं आणि पुन्हा तेच, असं ओळीनं. घरचे म्हणतात, दचकतंय; पोटात कळ येत असेल. १८४१ साली इंग्लंडमधल्या डॉ. वेस्ट यांनी स्वतःच्या मुलाचे असे झटके 'लॅन्सेट'ला पत्रानं कळवले. वाकून सलाम केल्यासारखे दिसतात, म्हणून त्यांना 'सलामाचे झटके' असंही म्हणत. आज औषधं आहेत. पण उपचाराला उशीर झाला की बुद्धीच्या वाढीला फटका बसतो.

मग हे होतं कशानं? कारणं अनेक: जनुकीय दोष, मेंदूच्या घडणीतला बिघाड; काहींत कारण सापडतच नाही. पण उदानी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये एका कारणाकडे लक्ष वेधलं. लहानपणी सुरू होणाऱ्या अपस्माराच्या बऱ्याच मुलांत मेंदूची इजा जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतली होती: रक्तातली साखर उतरल्यामुळे झालेली. वजन कमी, दूध नीट ओढत नाही, सारखं झोपतंय. आणि आपण म्हणतो, किती शांत बाळ आहे! इजा होते ती बहुधा मेंदूच्या मागच्या भागात. तिची खूण पुढे एमआरआयमध्ये दिसते.

आता गंमत पाहा. इजा पहिल्या आठवड्यात, आकडी कित्येक महिन्यांनी. मधल्या रिकाम्या जागेत सगळी गाढवं येऊन उभी राहतात: ग्रहण, दृष्ट, नुकतीच टोचलेली लस, सुनेचा पायगुण. आधी घडलं म्हणून कारण, हा आपला जुना तर्कदोष. संशोधकाचं काम या गर्दीतून खरं कारण वेगळं काढण्याचं.

पण इथे आणखी एक सावधगिरी हवी. कारण सापडलं की आपण लगेच दोषी शोधतो. 'आईनं पाजलं नाही' हे 'पायगुणा'चंच नवं रूप झालं! सिझेरियननंतर दूध उशिरा आलं, हा काही अपराध नव्हे. बाळाला पहिल्या तासात छातीशी द्यायला आईला मदत करणं, जोखमीच्या बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासणं, हे प्रसूतिगृहाचं काम. दोष मागे पाहतो. कारण पुढच्या बाळाला वाचवतं.

तेव्हा कोणाचं बाळ असं ओळीनं दचकताना दिसलं, तर कांदा हुंगवत बसू नका. मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वेळी आपण 'हेत्वाभास' घेऊ. आता प्रश्न विचारा.