‘इशिन्पो’: जपानी वैद्याची चिनी पोथी

जपानमध्ये आज हाती असलेला सर्वांत जुना वैद्यकग्रंथ म्हणजे ‘इशिन्पो’. तांबा नो यासुयोरी या दरबारी वैद्याने तो इ.स. ९८४ मध्ये सम्राटाला सादर केला. ३० गुंडाळ्यांचा हा ग्रंथ चिनी भाषेत आहे आणि त्यातला बहुतेक मजकूर चिनी ग्रंथांतून उतरवलेला आहे.

यात नवल नव्हते. चिनी वैद्यक आधी कोरियामार्गे आणि मग थेट जपानात पोचले होते. ७०१ च्या तैहो कायद्याने सरकारी वैद्यक खाते उभे राहिले, तेव्हा विद्यार्थ्यांना नाडी, सुया आणि औषधींवरचे चिनी ग्रंथच नेमले गेले. अडचण होती ती वनस्पतींची. पोथीत चिनी नाव वाचले, तरी रानात नेमके काय उपटायचे? त्यासाठी ९१८ च्या सुमारास ‘होन्झो वाम्यो’ हा, आपल्याकडच्या निघंटूची आठवण करून देणारा, चिनी औषधींची जपानी नावे सांगणारा कोश तयार झाला.

यासुयोरीने नक्कल केली खरी, पण डोळे मिटून नव्हे. रोगांच्या कारणांसाठी त्याने ६१० च्या सुमाराचा चाओ युआनफांगचा ग्रंथ आधाराला घेतला. सुया टोचण्याच्या जागा मात्र चिनी शास्त्रातल्या प्राणवाहिन्यांच्या क्रमाने न देता डोके, पाठ, हात अशा अवयववारीने मांडल्या. रोग्यासमोर बसलेल्या वैद्याला हीच मांडणी सोयीची. बाविसाव्या गुंडाळीत गर्भवतीची दहा चित्रे आहेत, महिन्याला एक. पोटातला गर्भ चित्रागणिक वाढत जातो आणि त्या महिन्यात कोणत्या वाहिनीवर सुई लावायची नाही, तेही दाखवलेले असते. पहिल्या महिन्यात यकृताची वाहिनी वर्ज्य.

या पोथीत भारतही डोकावतो. बुद्धकाळातला राजगृहाचा वैद्य जीवक याच्या नावावरचे उपचार त्यात आहेत. बौद्ध धर्माबरोबर ते चीनमध्ये गेले आणि तिथून जपानात.

पुढे चीनमध्ये यातले कितीतरी मूळ ग्रंथ नष्ट झाले. जपानात नाकाराई या वैद्य घराण्याने ‘इशिन्पो’ची जुनी प्रत पिढ्यान्‌पिढ्या घरात सांभाळली, कोणाला सहसा दाखवलीही नाही. १८५४ मध्ये शोगुनच्या सरकारने ती मागवून घेतली आणि १८६० मध्ये ग्रंथ छापून निघाला. त्यानंतर ये देहुई या चिनी विद्वानाने अठ्ठाविसाव्या गुंडाळीतले उतारे जुळवून कामशास्त्रावरचे हरवलेले चिनी ग्रंथ पुन्हा उभे केले. नाकाराईंची प्रत आता तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.