संदेश आणि साक्ष : मराठी ख्रिस्ती मंडळीतील बोललेले वाङ्मय

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार होतो तेव्हा अभ्यासकांची नजर बहुधा मोजक्या छापील ग्रंथांवर स्थिरावते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ एवढ्यावर हा इतिहास आटोपता घेतला जातो. मात्र ज्या समाजातून हे ग्रंथ आले, त्याच्या आठवड्याच्या जीवनाचा कणा ग्रंथ नसून बोललेला शब्द आहे, आणि त्याचा इतिहास अद्याप कोणी नीट लिहिलेला नाही. या शब्दाची दोन रूपे आहेत. ‘मंडळी’ म्हणजे एका उपासनामंदिराशी बांधलेला विश्वासणाऱ्यांचा समुदाय. त्याचा धर्मगुरू, ज्याला प्रोटेस्टंट परंपरेत ‘पाळक’ म्हणतात, शास्त्रपाठाच्या आधारे जे विवेचन करतो तो ‘संदेश’ किंवा उपदेश होय. मंडळीतील कोणीही, मग तो शिक्षक असो, शेतमजूर असो की एखादी वृद्ध विधवा, उभे राहून स्वतःच्या आयुष्यात देवाने काय केले ते सांगते ती ‘साक्ष’ होय. मराठी साहित्यावर खोल ठसा उमटला तो या दोहोंपैकी साक्षीचा. संदेश मात्र व्यासपीठावरच विरून गेला, असे उपलब्ध वाङ्मय पाहता म्हणावे लागते.

मंडळीतला संदेश आणि मिशनऱ्यांचे बाजारातले भाषण यांत गल्लत होऊ नये. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत पोहोचले, तेव्हापासून रस्त्यावर, जत्रेत आणि बाजारात उपदेश करण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली आणि तिला प्रत्युत्तरेही मिळाली. 1831 मध्ये मोरभट दांडेकर यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला, तर 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना आव्हान दिले. हे सारे वादाचे वाङ्मय होते. समोरचा श्रोता परका आहे, त्याला जिंकायचे आहे, हे त्यामागचे गृहीत होते. मंडळीच्या आतला श्रोता मात्र आधीच आपला असतो. कर्ज, आजारपण, पावसाची ओढ, जातीतून तुटल्याचे दुःख घेऊन तो बाकावर किंवा सतरंजीवर बसलेला असतो आणि त्याला युक्तिवाद नको असतो. वादाची भाषणे छापली गेली, त्यांवर पुस्तके झाली. आतल्या श्रोत्यासाठी केलेले बोलणे कोणी जपले नाही.

आतल्या श्रोत्याची ही गरज सर्वप्रथम ओळखली ती स्टीफन्स यांनी. गोव्यातील साष्टी भागात धर्मांतरित झालेल्या कुटुंबांची देवळे गेली, त्यांच्याबरोबर पुराणश्रवणाचा संस्कारही गेला, आणि केवळ प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाने ती पोकळी भरून निघणारी नव्हती. 1616 मध्ये रायतूर येथे छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत आणि त्याची रचना वाचण्यापेक्षा ऐकण्यासाठी, समुदायाला सांगण्यासाठी झालेली आहे. पाद्रीगुरू सांगतो, श्रोते मध्येच शंका विचारतात आणि कथा पुढे सरकते, ही त्याची घडण पुराणिकाच्या बैठकीतून उचललेली आहे. युरोपातून आलेला व्यासपीठावरचा उपदेश आणि इथला पुराणिक यांची सांधेजोड मराठीत या ग्रंथापासून सुरू होते.

ही सांधेजोड पुणे जिल्ह्यात एका व्यक्तीच्या आयुष्यातच घडलेली दिसते. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले ते याच जिल्ह्यात, केडगाव येथे. रमाबाई (1858–1922) अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या होत. डोंगरे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत आणि घाटांवर पुराणे सांगत, श्रोत्यांच्या दक्षिणेवर निर्वाह करीत देशभर हिंडले. लोकांसमोर बसून ग्रंथ वाचणे, अर्थ सांगणे, श्रोत्यांना धरून ठेवणे ही विद्या रमाबाईंना त्यातून मिळाली. दक्षिणेतील दुष्काळाने 1874 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने आईवडील आणि थोरली बहीण यांना नेले. पुढे 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या सुमारास गुजरातेतून आणलेल्या अनाथ मुली आणि विधवा यांमुळे केडगावची वस्ती वाढत गेली आणि ती दोन हजारांच्या घरात पोहोचली.

एवढ्या मोठ्या, बहुतांशी निरक्षर आणि अनेक भाषा बोलणाऱ्या स्त्रीसमुदायासमोर कसे बोलायचे, हा प्रश्न रमाबाईंसमोर होता. त्यांचे उत्तर दुहेरी होते. एकीकडे त्यांनी सोप्या, बायकांच्या रोजच्या बोलण्यातल्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम हाती घेतले. त्याचे टंकजुळणी-छपाईचे काम मुक्तीच्या स्त्रियांनीच केले आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये ते ग्रंथरूपाने बाहेर आले. दुसरीकडे त्यांनी बोलण्याचा अधिकार श्रोत्यांकडे सोपवला. वेल्समधील धर्मजागृतीच्या बातम्या ऐकून 1905 च्या आरंभी त्यांनी मुक्तीत प्रार्थनेचे मंडळ सुरू केले. सुरुवातीला मोजक्याच जमणाऱ्या स्त्रियांची संख्या काही महिन्यांत शेकड्यांवर गेली आणि जूनच्या अखेरीस तेथे ‘संजीवन’ म्हणून ओळखली जाणारी घटना घडली. मुली मोठ्याने, एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या, स्वतःच्या चुका कबूल करू लागल्या, रडू लागल्या आणि आपली साक्ष सांगू लागल्या. त्यांतील काहींचे गट भोवतालच्या गावी प्रार्थनेसाठी जाऊ लागले. शिस्तबद्ध उपासनेला सरावलेल्या कित्येक मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. मात्र त्या काळी जगातील बहुतेक चर्चेसमध्ये व्यासपीठ पुरुषांच्याच हाती होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दुष्काळातून आलेल्या मुलींनी सभेत उभे राहून स्वतःविषयी बोलणे किती अपूर्व होते, याची कल्पना येते.

खुद्द रमाबाईंचे 1907 मधील आत्मनिवेदन हेही साक्षीच्याच घाटाचे आहे. बालपणीची भटकंती, दुष्काळ आणि मृत्यू, ग्रंथांवरून उडालेला विश्वास, बाप्तिस्मा असा क्रम त्यात येतो. त्यानंतर अनेक वर्षांनी त्यांना झालेली जाणीव अशी की, ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी ख्रिस्ताची ओळख झालेली नव्हती. बाप्तिस्मा हा कथेचा शेवट न मानता तोही अपुरा ठरवण्याचे हे धाडस साक्षीच्या प्रकारातच शक्य होते. पाळकाच्या संदेशाला मंडळीच्या मताची चौकट सांभाळावी लागते. साक्ष देणाऱ्याला तसे बंधन नसते.

अहमदनगरकडे वळले की समुदायासमोर कसे बोलायचे या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिसते. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे 1831 पासून सुरू झाले आणि 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. पहिल्या पिढीतील मिशनऱ्यांच्या संदेशाचा साचा न्यू इंग्लंडचा होता. बायबलमधील एक वचन घ्यायचे, त्याचे मुद्दे पाडायचे, प्रत्येक मुद्द्याला उपमुद्दे जोडायचे आणि शेवटी बोध सांगायचा, अशी ती रीत होती. सतरंजीवर बसलेल्या शेतकरी श्रोत्याला ही रीत जड जात असे. त्यामुळे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनी कीर्तनाचा आश्रय घेतला. कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखाद्या पदाच्या आधारे तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लागते. ख्रिस्ती कीर्तनात पूर्वरंगासाठी स्तोत्र किंवा अभंगाच्या धर्तीचे पद आणि उत्तररंगासाठी उधळ्या पुत्राची किंवा योसेफाची कथा असा मेळ बसला. झांज, मृदंग आणि पेटी यांच्या साथीने हे आख्यान रात्री उशिरापर्यंत चाले आणि ऐकणाऱ्यांत ख्रिस्तीच असत असे नाही.

टिळकांनी (1861–1919) या प्रवाहाला वैचारिक आधार दिला. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर अहमदनगर हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र झाले आणि 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आलो, अशी त्यांची धारणा होती. इथल्या चर्चची उपासना परदेशी राहिली तर मंडळी कायम पाहुणीच राहील, असे ते मानत आणि अखेरच्या वर्षांत मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ उभारू पाहिला. त्यांची शेकडो पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत आजही गायली जातात. याच टिळकांचे संदेश मात्र आज फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत. गाता येते ते टिकले, कारण ते पाठ झाले. गद्य बोलणे त्या त्या रविवारपुरते उरले.

हे अपरिहार्य होते असे म्हणता येणार नाही, कारण त्याच काळात प्रार्थना समाजाने नेमके उलट केले. 1867 मध्ये स्थापन झालेल्या या समाजाच्या साप्ताहिक उपासनेची बाह्य घडण चर्चच्या उपासनेशी बरीच मिळतीजुळती होती. गायन, प्रार्थना आणि मध्ये एक प्रवचन. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची तेथील धर्मपर व्याख्याने संकलित होऊन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि मराठी गद्याच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली. ख्रिस्ती पाळकांपाशी तसे शिक्षित चाहते नव्हते, मिशनच्या छापखान्यांना प्रसारपत्रिका अधिक महत्त्वाच्या वाटल्या आणि खुद्द पाळकही आपल्या टिपणवह्यांना वाङ्मय समजत नव्हते. या तीन कारणांपैकी शेवटचे सर्वांत नुकसानकारक ठरले.

साक्ष मात्र छापखान्याची वाट न पाहता दुसऱ्या दाराने साहित्यात शिरली. बाबा पदमनजींचे (1831–1906) ‘अरुणोदय’ हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक. आपण कोण होतो, कोणत्या शंकांनी घेरलो होतो आणि वळण कोठे आले, हा त्याचा सांगाडा मंडळीत उभे राहून दिलेल्या साक्षीचाच, फक्त विस्तारलेला आहे. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी ग्रंथरूपात आली आणि तिने हा सांगाडाच मोडून टाकला. लक्ष्मीबाई स्वतःच्या सोवळ्याओवळ्यावर हसतात, नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर हसतात आणि धर्मांतराचे दुःखही लपवत नाहीत. बोध सांगण्याची संधी समोर असताना ती सोडून देण्याचा त्यांचा संयम कोणत्याही संदेशापेक्षा परिणामकारक आहे. साक्षीला विनोदाची जोड मिळाली की ती किती उंची गाठते, याचे मराठीतील हे सर्वश्रेष्ठ उदाहरण होय.

कॅथलिक परंपरेत या दोन रूपांचे नाते वेगळे राहिले. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 मधील निर्णयापर्यंत लॅटिनमध्ये होत असे आणि त्यानंतर ती मराठीत आली. मिस्सेतील प्रवचन बहुधा त्या दिवशीच्या ठरलेल्या वाचनांवर आधारलेले असते आणि ते दीक्षित धर्मगुरूने किंवा डीकनने द्यावे, असा चर्चच्या कायद्याचा नियम आहे. त्यामुळे साक्षीला मिस्सेबाहेर, प्रार्थनासभांत किंवा नियतकालिकांत जागा शोधावी लागली. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाने ही जागा दीर्घकाळ पुरवली. त्याचे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि 2020 मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, तेव्हा एका धर्मगुरूच्या प्रवचनातून घडलेली मराठी त्या व्यासपीठावर पोहोचली.

संदेश आणि साक्ष एकमेकांत मिसळतात असा एक दिवस मात्र अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत दरवर्षी येतो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन या वेळात वधस्तंभावरील येशूच्या सात उद्गारांवर सात विवेचने होतात. या उपासनेचा उगम सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेरूमधील लिमा शहरी, आलोन्सो मेसिया या जेझुईट धर्मगुरूच्या उपक्रमात झाला आणि ती पुढे पंथभेद ओलांडून सर्वत्र पसरली. मराठी मंडळ्यांत तिचे वैशिष्ट्य असे की, सातही उद्गार पाळक एकटा क्वचितच सांगतो. एखादी शिक्षिका आईला शिष्याच्या स्वाधीन करण्याच्या उद्गारावर बोलते, एखादा निवृत्त कारकून तहानेच्या उद्गारावर बोलतो आणि त्यात स्वतःच्या घरातला मृत्यू, मुलाचे व्यसन, दवाखान्यातली रात्र हे सारे ओघाने येते. शास्त्राचा अर्थ आणि जगलेला अनुभव यांची सांगड घालण्याचे शिक्षण सामान्य माणसाला देणारी ही एक अनौपचारिक शाळाच आहे.

साक्षीचेही साचे बनतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आधी व्यसन, मग आजार, मग प्रार्थना, मग चमत्कार असा ठरावीक क्रम आज कित्येक सभांत ऐकू येतो. ज्याची प्रार्थना फळली नाही त्याला तिथे बोलण्याची जागाच उरत नाही. दुसरीकडे पुण्यातील मोठ्या ईशशास्त्रीय संस्थांचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीत चालते, आणि तेथून बाहेर पडलेल्या पाळकाला खेड्यातल्या मंडळीसमोर मराठीत विचार करायला नव्याने शिकावे लागते. 2020 च्या टाळेबंदीपासून कित्येक मंडळ्यांचे संदेश मोबाइलवर ऐकले जाऊ लागले आणि नोंद राहण्याची सोय प्रथमच झाली, पण दृक्‌श्राव्य फितीचा ढीग म्हणजे जतन नव्हे. कोणी, कोठे, कोणत्या पाठावर बोलले याची सूची नसेल तर तो असून नसल्यासारखाच. म्हणून ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या संदेशांच्या टिपणवह्या, कीर्तनांची हस्तलिखिते किंवा ‘ज्ञानोदय’चे जुने अंक ट्रंकेत पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी त्यांवर नाव, गाव आणि साल लिहून जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा सेमिनरीच्या ग्रंथालयाकडे सोपवावेत.