अलिबागहून आलो, बरं का!

‘ए, अलिबागसे आया है क्या?’ हा डायलॉग आयुष्यात एकदाही ऐकला नाही असा मुंबईकर दाखवा आणि बक्षीस मिळवा! विरार फास्टमध्ये चढून ‘बोरिवलीला उतरायचंय’ म्हणा, नाहीतर अंधेरीच्या पुलावर ऐन गर्दीत थांबून मोबाइल बघा... कुणीतरी ऐकवणारच. अलिबागचा म्हणजे भोळसट, शहराची हवा न लागलेला. एक अलिबागकर तर या वाक्याविरुद्ध थेट मुंबई हायकोर्टात गेला होता. २०१९ मध्ये कोर्टानं याचिका फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता.

आता काळाचा महिमा बघा. शाहरुख खानचा बंगला कुठे? अलिबागजवळ थळला. दीपिका-रणवीरनं २०२१ मध्ये घर घेतलं ते कुठे? अलिबाग तालुक्यात. विराट-अनुष्कानं? तिथेच! शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की यॉट, स्पीडबोटी, मोठमोठे गॉगल आणि त्याहून मोठ्या गाड्या... थोडक्यात, आपलं साधंसुधं अलिबाग आता एकदम ‘हॅपनिंग’ झालंय.

मग प्रश्न असा, की ज्यांच्याकडे यॉट नाही, बंगला नाही, फक्त एक बाईक आणि शनिवार-रविवारची सुट्टी आहे, त्या बोरिवली-मुलुंडच्या जोडप्यांनी या ग्लॅमरच्या गावात करायचं काय? उत्तर शोधायला आम्ही दोघं एका फेब्रुवारीत निघालो.

एका घरात दोन टाइमझोन

आधी आमची ओळख. मी अंधेरीच्या ऑफिसात, सकाळी साडेनऊ ते ‘बॉस निघेपर्यंत’. नवरोबा अमेरिकन क्लायंटच्या नाइट शिफ्टला. मी घरी पोचते तेव्हा तो निघून गेलेला असतो, आणि तो येतो तेव्हा मी डबा भरत असते. बोरिवलीच्या वन बीएचकेत सासू-सासऱ्यांसह आम्ही चौघं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण आमचा अर्धा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालतो.

त्यात एक नवीन भानगड. त्याच्या ऑफिसनं डे शिफ्टची जागा देऊ केली होती, पण नाइट अलाउन्स जाणार, म्हणजे महिन्याला नऊ हजार कमी. इकडे टू बीएचकेच्या कर्जाचा अर्ज भरून तयार, आणि ईएमआयचा सगळा हिशेब त्या नऊ हजारांवर उभा. होय की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. घरात एवढी मोठी गोष्ट बोलायची कुठे आणि कधी? चिठ्ठीवर तर लिहिता येत नाही ना!

बाईकसकट बोटीत

अलिबाग रस्त्यानं शंभरएक किलोमीटर. पेण, वडखळ आणि वीकेण्डचा ट्रॅफिक यांची ज्यांना आवड आहे त्यांनी तसं जावं! आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली. मार्च २०२० पासून ही बोट मांडव्याला जाते. गाडी, बाईक, माणसं सगळं पोटात घेते आणि तासाभरात पलीकडे सोडते. गेट वेवरून कॅटमरानही आहेतच. त्यांच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही येते. पण आम्हाला बाईक हवी होती.

पहाटे पाचला बोरिवली सोडली. हायवे चक्क रिकामा! बोटीच्या डेकवर चहाचे कप घेऊन उभे राहिलो आणि लक्षात आलं, आम्ही दोघं एकाच वेळी जागे आहोत, आंघोळ करून ताजेतवाने आहोत आणि कुणालाही कुठे पळायचं नाही. असं शेवटचं कधी झालं होतं, ते दोघांनाही आठवेना.

घड्याळ खिशात, पंचांग हातात

निघण्याआधी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एक गुरुकिल्ली दिली होती. ते मूळचे श्रीवर्धनचे. म्हणाले, ‘‘लोकलचं टाइमटेबल विसरा, समुद्राचं शिका. तिथी घ्या, पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी.’’

भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. आमचा शनिवार द्वादशीचा. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊला भरती, तीनला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. यामागचं शास्त्र सोपं आहे. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते. अंदाज थोडा मागेपुढे होतो, म्हणून आम्ही नेटवरही वेळ ताडून पाहिली. साडेतीन! बाबा पास!

आणखी एक गंमत. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप आत जातं, पण ओहोटी येते सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी बाराला मिळते, पण पाणी फारसं हटत नाही. म्हणून अलिबागचा किल्ला चालत बघायचा तर द्वादशी-त्रयोदशीचा वीकेण्ड झकास.

बंगल्यांच्या भिंती आणि एक उघडं दार

मांडव्याहून अलिबागकडे निघालं की दोन्ही बाजूंना उंच कुंपणं. आत स्विमिंग पूल असतील, हेलिपॅडही असेल. आपल्याला दिसतात त्या बोगनवेली आणि सिक्युरिटीवाले. ‘सेलिब्रिटी दिसेल’ म्हणून जाणार असाल तर नाव सोडा!

पण त्याच रस्त्यावर सासवण्याला एक दार सगळ्यांना उघडं आहे. शिल्पकार नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) यांचं हे गाव, आणि त्यांच्या घरातच त्यांचं शिल्पसंग्रहालय. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा यांचाच. इथे मात्र राजे-महाराजांइतकीच साधी माणसंही आहेत. कोळीण आहे, गावातल्या बायामाणसांचे चेहरे आहेत, आणि एक म्हैस तर अशी की शेपटी हलवेल असं वाटतं. आम्ही अर्ध्या तासासाठी गेलो आणि दीड तास रमलो. नवरोबा म्युझियममध्ये दीड तास! सासूबाईंना अजून खरं वाटत नाही.

किल्ल्यावरची मीटिंग

अलिबाग हे नाव अली नावाच्या एका श्रीमंत बेने इस्रायली बागाईतदारावरून पडलं, असं सांगतात. अलीची बाग, म्हणून अलिबाग. गावात आजही इस्रायल आळी आहे, तिथे सिनेगॉग आहे. बाजारपेठेच्या जवळच सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. १७२९ मध्ये ते गेले, पण तोवर या किनाऱ्यावर इंग्रजांना आणि पोर्तुगीजांना त्यांनी चैन पडू दिली नव्हती. १७२१ मध्ये दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, तीही फसली.

आणि आपल्यासारख्या मुंबईच्या गोंगाटाला कंटाळलेल्यांसाठी खास माहिती! कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं व्हायची. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार (त्या १९०७ मध्ये धावू लागल्या), मग सुया थरथरणार, मोजमापं बिघडणार. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. ती चुंबकीय वेधशाळा आजही किनाऱ्याजवळ आहे. मुंबईला वैतागून शांततेसाठी अलिबाग गाठणारे आपण काही पहिले नाही!

तीनला किनाऱ्यावर पोचलो तर समोर समुद्र नाहीच. ओल्या वाळूचा रस्ता, मध्ये घोट्याएवढं पाणी, आणि पलीकडे कुलाबा किल्ला. घोडागाड्या होत्या, पण आम्ही चपला हातात घेऊन चालत गेलो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचं बांधकाम सुरू केलं आणि आंग्र्यांनी याला आरमाराचं मुख्य ठाणं केलं. आत सिद्धिविनायकाचं सुरेख मंदिर आहे. चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे. उत्तरेला चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन विलायती तोफा आहेत, त्यांच्यावर नवरोबानं लहान मुलासारखा हात फिरवून घेतला.

मग आम्ही तटावर बसलो. आणि आमची ‘मीटिंग’ झाली.

सगळं काही सांगत नाही. पण टू बीएचकेचं ब्रोशर आठ महिने कपाटात जपून ठेवलं होतं ते मी. सासूबाईंना गुडघेदुखीत हॉलमध्ये झोपावं लागतं, हेही मला दिसत होतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘दोन बेडरूम घेऊ गं. पण आपण दोघं एका वेळी घरात असणार कधी?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोनदा बेरीज केली, तिसऱ्यांदा वजाबाकी केली. नऊ हजार काही आकाशातून पडेनात. शेवटी ठरलं : डे शिफ्ट घ्यायची, घर दोन वर्षं पुढे ढकलायचं, आणि तोवर बेडरूम आई-बाबांची, हॉल आमचा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गेल्या तीन वर्षांत आम्ही दोघांनी बसून ठरवलेली ती पहिली गोष्ट होती.

‘‘चला, चला, पाणी चढतंय!’’ खालून हाक आली. परतताना तेच घोट्याएवढं पाणी पोटरीपर्यंत आलं होतं.

मडक्यातली पार्टी

मुक्काम नागावला, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एका घरगुती होम-स्टेमध्ये. रिसॉर्टचा थाट नाही, पण स्वच्छ खोली आणि काकूंच्या हातचं जेवण. रात्री त्यांनी पोपटी लावली. ही इथली थंडीतली खासियत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वर पुन्हा पाला. मग मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाची गरज नाही. अर्ध्या-पाऊण तासानं मडकं उघडलं आणि जो वास सुटला... बार्बेक्यू नेशनवाल्यांनो, सॉरी!

‘‘काय गं पोरी, घाई आहे का? पोरींनी बसून खावं,’’ म्हणत काकू वाढत राहिल्या. मासेप्रेमींनी या भागात जिताडा मिळाला तर सोडू नये.

रविवार : मुरुडपर्यंत

सकाळी साडेसहाला बाईकवर. पहिला थांबा रेवदंडा. तटबंदीतून आत शिरणारा रस्ता, माडांमध्ये लपलेले पोर्तुगीज चर्चचे भग्न अवशेष. शेजारचं चौल हे एके काळचं मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे.

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. दीपगृहाकडून किल्ल्यावर चढलं की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. पण खरी नवलाई खाली गावात आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांना देऊन गेले, तरी इथले ख्रिस्ती कोळी-शेतकरी घरात आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली भाषा बोलतात. ते तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा म्हणतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. गावात कॅमेरे घेऊन घराघरांत डोकावू नका. चर्चजवळ शांतपणे उभं राहा, कानावर पडेल ती पुरे.

पुढे काशीदची पांढरी वाळू (पाण्यात खोल जाऊ नका, ओढ जबरदस्त आहे), मग मुरुड आणि राजपुरी. इथून शिडाच्या होडीनं जंजिरा. होडी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, हीच त्याची युक्ती. १९ बुरूज, कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे दोन तलाव. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पेशवे, कुणालाच सिद्दीचा हा किल्ला जिंकता आला नाही. संस्थान भारतात विलीन झालं ते १९४८ मध्ये. तटावरून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी उभारलेला.

दुपारी मुरुडात जेवलो, दीडला निघालो आणि संध्याकाळच्या बोटीला मांडव्याला हजर. दोघांचा सगळा खर्च नऊ हजारांच्या आत. हो, तेच नऊ हजार!

जाता जाता

• वीकेण्डला रो-रोचं, विशेषतः परतीचं, तिकीट आधीच काढा. बाईकची जागाही पटकन भरते.

• लोकलनं येणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यासाठी डॉकयार्ड रोड जवळ, गेट वेसाठी चर्चगेट किंवा सीएसएमटी.

• पावसाळ्यात गेट वेच्या कॅटमरान आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

• कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत फिरा. अडकलात तर पुढची ओहोटी रात्री!

• किल्ल्यांवर सावली कमी. टोपी आणि पाणी हवंच.

• फेब्रुवारीपासून रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील. अलिबागच्या या कांद्याला २०२२ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. चवीला गोडसर. एक माळ आईला, एक सासूबाईंना. हिशेब बरोबर राहतो.