पश्चिमेची खिडकी: ऊन नको, वारा हवा

रत्नागिरीत फ्लॅटला 'सी-व्ह्यू' असला की भाव चढतो. सी-व्ह्यू म्हणजे पश्चिम, आणि पश्चिम म्हणजे उन्हाळ्यात दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंत थेट काचेवर ऊन. समुद्रावरचा वाराही त्याच सुमारास, त्याच खिडकीतून येतो. ऊन जिथे अडवायचं तिथूनच वारा आत घ्यायचा, ही इथल्या घरांची खरी अडचण. खिडकीच्या बाहेरून लावायच्या जाळीदार पडद्याचा, म्हणजे बाजारात ज्याला सोलर स्क्रीन म्हणतात त्याचा, विचार इथूनच सुरू व्हायला हवा. होतं मात्र असं की पडदा घेताना रंग आणि किंमत पाहिली जाते, आणि बाकीचं काम ऐकीव गोष्टी करतात.

'आतून जाड पडदे आहेत की. वेगळं बाहेरून कशाला?'

हा सगळ्यात मोठा गैरसमज. ऊन काचेतून सहज आत येतं. आत आल्यावर ते पडद्यावर, फरशीवर, सोफ्यावर पडतं आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूंतून निघणाऱ्या उष्णतेला मात्र काच परत बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते घरात शिरून चुकलेलं असतं. मे महिन्यातल्या स्वच्छ दुपारी पश्चिमेच्या चार बाय पाच फुटी खिडकीवर साधारण १००० वॉट ऊन पडतं; बैठकीच्या खोलीत कुणी इस्त्री चालू ठेवून निघून जावं, तसा प्रकार. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेले आकडे बोलके आहेत: पांढरं प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या मध्यम रंगाच्या आतल्या पडद्याने उन्हाची उष्णता ३३ टक्क्यांपर्यंत कमी होते, तर पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा केला तर ७७ टक्क्यांपर्यंत. आकडे तिकडच्या घरांचे आहेत, पण काचेचा गुणधर्म इथेही तोच.

कोकणातल्या जुन्या घरांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. उतरतं छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आणलेलं, ओटीपुढे पडवी, पाऊस संपला की खळ्यात मांडव आणि त्यावर नारळाची झापं. ऊन घराच्या भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच थांबायचं, आणि वारा मात्र पडवीतून सरळ माजघरात. फ्लॅटची बाल्कनी ही खरं तर पडवीच. पण ती ताब्यात आली की आधी तिला सरकत्या काचा लावायच्या आणि मग एसीवाल्याला फोन करायचा, ही आपली रीत झाली आहे.

'खिडकीवर छज्जा आहे, तेवढा पुरे.'

दक्षिणेला पुरतो, पश्चिमेला नाही. दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात सर्वांत तापते असं सर्रास बोललं जातं, तेही इथे लागू पडत नाही. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या ८ तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. दक्षिणेच्या भिंतीला मेमधल्या दुपारी थेट ऊन जवळजवळ लागतच नाही. पश्चिमेचं गणित वेगळं. त्याच दिवसांत संध्याकाळी साडेचारला सूर्य क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर उतरलेला असतो. दीड फुटी छज्ज्याची सावली तेव्हा खाली जेमतेम एक फूट पडते, साडेपाचला अर्धा फूट. चार फुटी खिडकीचा उरलेला भाग उघडाच. खाली आलेल्या सूर्याला आडवा छज्जा अडवू शकत नाही, त्याला समोरून आडोसा हवा.

'काचेला काळी फिल्म लावली की काम झालं.'

काच बंद असेल तर काही अंशी. पण फिल्म शोषून घेते ती उष्णता काचेतच राहते, आणि तापलेली काच आतही झळ सोडते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाऱ्यासाठी खिडकी सरकवली की उघड्या भागात फिल्म नसतेच. आधीच दोन पल्ल्यांची सरकती खिडकी फक्त निम्मी उघडते. केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत उष्ण-दमट हवामानातल्या घरांना उघडणाऱ्या दारं-खिडक्यांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के सांगितलं आहे. बाकीच्या हवामानांसाठी याहून कमी चालतं. कारण उघड आहे. रत्नागिरीचा पारा एप्रिल-मेमध्ये बहुतेक दिवस ३३-३४ च्या आगेमागेच असतो, नागपूरकर त्याला हसतील. इथे माणूस हैराण होतो तो घाम वाळत नाही म्हणून, आणि घाम वाळवायला वारा लागतो. बाहेरचा पडदा जाळीचा असेल आणि खिडकीपासून थोडं अंतर सोडून लावला असेल, तर त्यामागे खिडकी उघडी ठेवता येते. जाळी जितकी दाट तितका वारा कमी, हेही खरं. म्हणून सरसकट ९० टक्के ऊन अडवणारी जाळी घेऊ नये. निळी ताडपत्री तर ऊन आणि वारा दोन्ही बंद करते.

'वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारा, गारवा येईल.'

विदर्भात येतो. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि हवा थंड होते. किनाऱ्यावर हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडत नाही, खोलीतला दमटपणा तेवढा वाढतो. इथे ताटी कोरडीच बरी.

'काळ्या जाळीने घर आणखी तापेल.'

काळी जाळी तापते, यात शंका नाही. पण ती तापते काचेच्या बाहेर, आणि तिची उष्णता वारा तिथल्या तिथे घेऊन जातो. तोच काळा पडदा आतून लावला तर तक्रार रास्त ठरते. गडद जाळीतून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं, फिकट जाळी डोळ्यांवर चमकते. समुद्र बघायचा असेल तर हा फरक लहान नाही. घरात काळोख होण्याची भीतीही फारशी खरी नाही, कारण बाहेरचा प्रकाश इतका प्रखर असतो की त्याचा पाचवा हिस्साही वाचायला पुरतो. बाहेरच्यांना आतलं दिसत नाही, हे मात्र फक्त दिवसा. रात्री दिवे लागले की उलट होतं.

'पडदा लावला की खोली दहा अंशांनी उतरते.'

असं सांगणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करावा. आडोसा हवा थंड करत नाही, बाहेरून येणारी जादा उष्णता रोखतो. नुसत्या सावलीने दुपारची खोली बाहेरच्या हवेहून फार थंड व्हायची नाही. फायदा जाणवतो तो काचेची झळ लागत नाही यात, आणि एसी असेल तर त्याच्यावरचा भार हलका होण्यात. शेवटच्या मजल्यावर तर स्लॅबही तापतो, त्यावर खिडकीचा पडदा काय करणार? तिथे गच्चीवरची पत्र्याची शेड उपयोगी पडते. रत्नागिरीकर ती पावसासाठी घालतात, पण स्लॅब सावलीत ठेवून ती बाहेरच्या पडद्याचंच काम करत असते.

'एकदा बसवला की बघायला नको.'

खाऱ्या हवेत साध्या लोखंडाच्या पट्ट्या आणि स्क्रू लवकर गंजतात, म्हणून चौकट पावडर कोटिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत. पडदा गुंडाळता किंवा काढता येणारा असावा. तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून १६ मे २०२१ ला गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला आलं. दोन्ही ऐन पडद्याच्या दिवसांत. इशारा आला की तो आधी उतरवावा, आणि मिरगाच्या पावसाआधी तर उतरवावाच. जाळीऐवजी चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा लावला असेल, तर त्याला पावसाळ्यात बुरशी धरते; तो धुऊन, वाळवून माळ्यावर टाकावा. ऑक्टोबरचं ऊन मेइतकंच छळतं. घट उठले की पडदा पुन्हा वर चढवावा, दिवाळीच्या साफसफाईपर्यंत थांबू नये.