शेतीपासून नगरांपर्यंत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पश्चिम आशियात माणूस गहू आणि जव पेरू लागला त्याला सुमारे साडेअकरा हजार वर्षे झाली. त्याच प्रदेशातले, दक्षिण इराकमधले उरुक हे जगातल्या पहिल्या मोठ्या नगरांपैकी एक. ते भरभराटीला आले इ. स. पू. ३२००च्या सुमारास. म्हणजे पहिली पेरणी आणि पहिले नगर यांच्यात जवळपास सहा हजार वर्षे गेली. सर्वसाधारण वाचनात हा प्रवास चार वाक्यांत उरकला जातो. शेती आली, माणूस स्थिरावला, धान्य शिल्लक पडू लागले, मग कारागीर, पुरोहित, राजे आणि नगरे आली. यातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे घडली आहे. पण त्यांचा क्रम आणि त्यांच्यातला कार्यकारणभाव यांविषयीच्या समजुती गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या उत्खननांनी पुष्कळ बदलल्या आहेत.

गैरसमज : शेती हा अचानक लागलेला शोध होता

बी जमिनीत पडले की रोप उगवते, हे वनस्पतींवर जगणाऱ्या माणसाला सांगावे लागत नव्हते. गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्यांत रानटी गहू आणि जव यांचे दाणे व ते वाटण्याचा दगड मिळाला आहे. जॉर्डनच्या ईशान्येकडील शुबायका येथे चुलीच्या राखेत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडले, त्यांचे वय आहे १४,४०० वर्षे. पिठाची भाकरी शेतीच्या आधी जवळजवळ तीन-चार हजार वर्षे भाजली जात होती.

बदलायला वेळ लागला तो वनस्पतीला. रानगव्हाची ओंबी पिकली की दाणे आपसूक सुटून गळतात. झाडाला ते सोयीचे, कापणाऱ्याला गैरसोयीचे. अशा गव्हात अधूनमधून एखादे ताट असे निघते की त्याची ओंबी पिकूनही झडत नाही. रानात त्याचा वंश टिकत नाही, कारण बी मातीत पडतच नाही. माणूस विळ्याने कापणी करून त्यातलेच बियाणे पुन्हा पेरू लागला, की ही न झडणारी ओंबी जास्त हाती येते आणि पेरणीगणिक तिचे प्रमाण वाढत जाते. ही वाढ आज मोजता येते. जळून कोळसा झालेल्या ओंबीच्या तुकड्याच्या बुडाशी, जिथून तो सुटला तिथे, एक बारीक व्रण राहतो. आपसूक सुटलेल्या रानटी दाण्याचा व्रण सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत दिसतो, मळणीत तोडलेल्याचा खडबडीत आणि फाटका. एकामागून एक थरांतले असे शेकडो तुकडे मोजले तेव्हा खडबडीत व्रणांचे प्रमाण दोन-तीन हजार वर्षांत सावकाश चढत गेल्याचे दिसले. ज्या पिढ्यांनी हे केले त्यांपैकी कोणालाही आपण नवे पीक घडवतो आहोत याची जाणीव असण्याचे कारण नव्हते.

शेती एका ठिकाणी जन्मून तिथून जगभर गेली, ही समजूतही टिकत नाही. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात भात आणि उत्तरेत राळा व वरी, मेक्सिकोत भोपळा आणि मका, अँडीज पर्वतात बटाटा, न्यू गिनीतल्या कुक दलदलीत केळी आणि अळू, आफ्रिकेत ज्वारी आणि बाजरी ही पिके त्या त्या ठिकाणच्या लोकांनी स्वतंत्रपणे आपलीशी केली.

गैरसमज : शेतीमुळेच माणूस एका जागी राहू लागला

अनेक ठिकाणी क्रम याच्या उलट होता. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत नाटुफियन म्हणून ओळखले जाणारे लोक सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी दगडी पायाच्या गोल घरांत वर्षाचा बराचसा काळ राहत होते. ते हरणांची शिकार करत, रानटी धान्य कापत आणि आपली माणसे वस्तीजवळच पुरत. शेती त्यांच्या वंशजांनी केली.

तुर्कस्तानातील गोबेक्ली टेपे हे याहून थक्क करणारे उदाहरण आहे. क्लाउस श्मिट यांनी १९९५पासून येथे उत्खनन केले. इ. स. पू. ९५००च्या आसपास उभारलेल्या वर्तुळाकार वास्तूंत कोल्हे, साप, गिधाडे कोरलेले चुनखडीचे स्तंभ आहेत, आणि त्यांतले मोठे साडेपाच मीटर उंच आहेत. तिथले धान्य आणि प्राण्यांची हाडे मात्र रानटी जातींचीच निघाली. शेकडो हातांनी एकत्र येऊन स्तंभ खोदावेत, ओढावेत, उभे करावेत, यासाठी राजा लागतो किंवा भरलेली कोठारे लागतात, हा तर्क इथे कोसळतो. एवढ्या लोकांना जेवू घालण्याची गरज शेतीकडे नेणारी ठरली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

गैरसमज : शेतीने जगणे सुखाचे केले, म्हणून ती पसरली

सांगाडे वेगळे सांगतात. पूर्व भूमध्य प्रदेशात शेतीच्या आरंभीच्या काळातील माणसांची उंची आधीच्या शिकारी-संग्राहकांपेक्षा काही सेंटिमीटरांनी कमी भरते. पिठूळ अन्नामुळे दात किडले. बालपणातल्या उपासमारीच्या किंवा आजाराच्या रेषा दातांच्या एनॅमलवर उमटलेल्या दिसतात. सीरियात युफ्रेटिसकाठच्या अबू हुरेरा या गावाचे १९७२-७३ मध्ये, धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी, उत्खनन झाले. थिया मॉलेसन यांनी तिथली हाडे तपासली तेव्हा अनेक स्त्रियांच्या पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले आणि गुडघे व कंबर दुखावलेली आढळली. गुडघे टेकून, पायाची बोटे मागे दुमडून, दगडी पाट्यावर रोज तासन्‌तास धान्य वाटण्याची ही खूण. शेतीच्या इतिहासात या कष्टांची नोंद फारशी होत नाही. शेतीची किंमत कोणत्या शरीरांनी मोजली, हे मात्र या हाडांइतके स्पष्ट दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

मग शेती पसरली कशी? भटक्या गटातल्या स्त्रीला एकाच वेळी दोन लहान मुले कडेवर वाहणे अवघड, शिवाय मूल बराच काळ अंगावर पिते. त्यामुळे दोन बाळंतपणांत सहसा तीन-चार वर्षांचे अंतर पडते. स्थिर वस्तीत धान्याची पेज देऊन मुलाचे दूध लवकर सोडवता येते. अंतर कमी झाले आणि मुले जास्त जन्मली. त्यांतली बरीच दगावलीही, तरी एकूण संख्या वाढत गेली. काही पिढ्यांनी परत फिरण्याचा मार्गच उरला नाही, कारण वाढलेल्या लोकांना पुरेल एवढे आजूबाजूचे रान उरले नव्हते.

गैरसमज : धान्य शिल्लक पडले की नगर आपोआप उभे राहते

सर्वांत रुजलेला गैरसमज हाच. तुर्कस्तानच्या कोन्या पठारावरील चाताल्‌ह्युक या वस्तीत इ. स. पू. ७१०० ते ५९५० या काळात काही हजार लोक शेती आणि मेंढपाळी करून राहिले. घरे एकमेकांना चिकटून होती, मधे रस्ते नव्हते, आत जायचे ते छपरावरून शिडीने. प्रत्येक घराला स्वतःची धान्य साठवण्याची कोठी होती. राजवाडा नाही, मोठे मंदिर नाही, सार्वजनिक कोठार नाही. हजारभर वर्षे शेती होती, साठवण होती, वस्तीही मोठी होती, तरी त्यातून राज्य किंवा लेखन निर्माण झाले नाही.

भारतीय उपखंडातही अंतर मोठे आहे. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ येथील शेतकऱ्यांचा काळ पूर्वी इ. स. पू. ७०००च्या आसपास धरला जाई. दातांच्या एनॅमलच्या नव्या कार्बनमापनाने तो इ. स. पू. ५२००च्या जवळ आणला आहे. तरीही हडप्पा आणि मोहेंजोदडो ही नगरे बहरण्याचा काळ इ. स. पू. २६००, म्हणजे मधे अडीच हजार वर्षे उरतातच.

शेतकरी आपल्या घराला, बियाण्याला आणि वाईट वर्षाच्या राखीव साठ्याला पुरेल एवढे पिकवतो. त्याहून जास्त पिकवण्यासाठी त्याला कारण लागते. ते देवाचे देणे असेल, देवघेव असेल, ऋण असेल किंवा सक्ती. शिल्लक ही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे, ती कोणीतरी मागितल्याने किंवा घेतल्याने तयार होते.

उरुकमध्ये ही मागणी डोळ्यांनी पाहता येते. तिथे आणि आसपासच्या वस्त्यांत तिरक्या काठाचे, जाडेभरडे, साच्यात थापलेले मातीचे वाडगे ढिगांनी सापडतात. इतके बेढब भांडे कोणी हौसेने घरात ठेवणार नाही, ते एकसारखे आणि झटपट बनवायचे होते. हे वाडगे कामकऱ्यांना रोजचे धान्य किंवा भाकर मोजून देण्यासाठी वापरले जात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच नगरातल्या मातीच्या पाट्यांवर, जगातल्या सर्वांत जुन्या लेखनात, शिधा दाखवणारे चिन्ह आहे माणसाचे डोके आणि त्याच्या तोंडाशी वाडगा. अशा सुमारे पाच हजार पाट्या आणि तुकडे मिळाले. त्यांतल्या फार मोठ्या बहुसंख्येत हिशोब आहेत. जव किती आला, मद्य गाळायला किती गेला, मेंढ्या किती, कामकरी किती, हेच त्यांत लिहिलेले आहे. राजांच्या कथा आणि देवांची स्तोत्रे यांना मातीवर उतरायला आणखी काही शतके लागली. लेखन जन्माला आले ते कोठाराच्या दारात.

जे पीक कोठारात जाते तेच का जाते, यावर जेम्स स्कॉट यांनी २०१७ मधील आपल्या पुस्तकात भर दिला आहे. गहू, जव, भात, मका ही पिके जमिनीच्या वर, सर्वांच्या नजरेसमोर आणि एकाच सुमारास पिकतात. खळ्यावर आलेला वसुलीदार रास पाहून वाटा मागू शकतो. धान्य वाळवता, मोजता, वाहून नेता आणि वर्षभर ठेवता येते. सुरण, अळू यांसारखे कंद मातीत दडलेले राहतात, लागतील तसे उपटता येतात, आणि उपटल्यावर फार टिकत नाहीत. आरंभीची बहुतेक राज्ये धान्यावर उभी आहेत, याचे हे एक सबळ कारण आहे. अँडीजमध्ये बटाट्याचा आधार घेणाऱ्या समाजांनी तो रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत आणि दिवसाच्या उन्हात वाळवून वर्षानुवर्षे टिकणारा केला आणि मगच कोठारे भरली. साठवणीची अट तिथेही चुकली नाही.

कोठार ओळखतानाही सावधपणा हवा. मोहेंजोदडो येथील एका भव्य विटांच्या चौथऱ्याला मॉर्टिमर व्हीलर यांनी धान्यकोठार ठरवले आणि ते नाव पाठ्यपुस्तकांत रुळले. तिथे धान्य मात्र मिळालेले नाही, आणि ती इमारत नेमकी कशासाठी होती हे आज खुले मानले जाते. पेरूतील सुपे खोऱ्यातले काराल हे आणखी वेगळे उदाहरण. इ. स. पू. २६००च्या सुमारास तिथे पिरॅमिडसारखे चौथरे उभे राहिले. त्यामागे धान्यापेक्षा कापूस होता. आतले शेतकरी जाळ्यांसाठी कापूस पिकवत आणि किनाऱ्यावरचे कोळी त्या बदल्यात मासळी देत.

गैरसमज : कालव्यांच्या व्यवस्थेसाठी राजे निर्माण झाले

कार्ल विटफोगेल यांनी १९५७ मध्ये हा सिद्धांत जोरकसपणे मांडला : मोठ्या सिंचनासाठी मोठी नोकरशाही लागते आणि तिच्यातून निरंकुश सत्ता जन्मते. पुढच्या पाहण्यांनी काळाचा क्रम तपासला आणि सिद्धांत अडखळला. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांच्या दक्षिण इराकमधील पाहणीत आरंभीचे पाट छोटे, नदीच्या नैसर्गिक फाट्यांना धरून, गावकऱ्यांना स्वतः राखता येतील असे निघाले. लांबलचक कालवे राज्ये स्थिरावल्यानंतरचे आहेत. इजिप्तमध्ये नाईलच्या पुराचे पाणी बांध घालून अडवायचे, गाळ बसू द्यायचा आणि पाणी ओसरले की पेरायचे, ही व्यवस्था स्थानिक पातळीवर चाले.

सिंधू खोऱ्यातही पुराचे पाणी उतरल्यावरची रब्बी मुख्य होती. राजस्थानातील कालीबंगा येथे इ. स. पू. २८००च्या सुमाराचे नांगरलेले शेत मिळाले आहे. त्यात काटकोनात छेदणारी तासे आहेत, एका दिशेची जवळजवळ, दुसऱ्या दिशेची लांब अंतरावर. त्या भागात अलीकडेपर्यंत याच पद्धतीने एका तासात हरभरा आणि दुसऱ्यात मोहरी घेतली जात होती. या शेतामागे कोणत्याही राजाचा हात दाखवता येत नाही.

गैरसमज : शेतीची वाट एकाच दिशेने, पुढेच जाते

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव या समजुतीला थेट उत्तर देते. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० अशी नऊ शतके इथे वस्ती होती. इ. स. पू. १४०० ते १०००च्या जोर्वे काळात घरे चौकोनी आणि प्रशस्त होती. जव, मसूर, कुळीथ पिकत. नदीचे पाणी वळवणारा पाट खोदलेला होता. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराला लागून धान्य साठवण्याची जागा होती, आणि ते घर गावाच्या प्रमुखाचे असावे असे उत्खनकांनी मानले. नगराच्या सिद्धांताला हवे असलेले बरेचसे घटक इथे हजर आहेत.

पण नगर झाले नाही. इ. स. पू. १०००नंतर चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली, शेती आक्रसली, आणि लोकांचा भर पशुपालन व शिकारीवर आला. ढवळीकरांनी याचा संबंध घटत्या पावसाशी जोडला, नंतरच्या काही अभ्यासकांना ते मान्य नाही. कारण कोणतेही असो, शेतकऱ्यांनी शेती कमी करून जनावरांमागे जाणे पत्करले, ही वस्तुस्थिती उरते. दख्खनमध्ये पैठण, तेर अशी नगरे वाढली ती आणखी काही शतकांनी, सातवाहनांच्या काळाच्या आसपास. तोवर लोखंडी अवजारे रुळली होती, नाणी चालू लागली होती, आणि घाटांमधून कोकणच्या बंदरांकडे माल जाऊ लागला होता.