ऊसपट्ट्यातलं जुनं वॉशिंग मशीन

साखर कारखान्यात रस आटवून झाला की पॅनमधून जो माल उतरतो, तो पांढराशुभ्र नसतो. साखरेचे दाणे आणि मळी यांचा तो तपकिरी, चिकट राडा असतो. तो जाळीदार पोलादी टोपल्यात सोडतात आणि टोपलं गरागरा फिरवतात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, दाणे आतल्या भिंतीला थापून बसतात. वरून पाण्याचा फवारा दिला की साखर पांढरी होते. माळेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगरचा छत्रपती असो की इंदापूरचा कर्मयोगी, गाळप हंगामात हे सेंट्रिफ्यूगल रात्रंदिवस घुमत असतं. बारामतीतल्या एखाद्या घराच्या मोरीत सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर फिरतो, तेव्हा तोही नेमकं हेच काम करतो. फरक इतकाच, की त्याच्या जाळीतून मळीऐवजी कपड्यांतलं पाणी बाहेर पडतं.

हे नातं इतिहासातही सापडतं. १८३०च्या दशकात फ्रान्समध्ये पेंझोल्ट यांनी अशा फिरत्या टोपल्याचं पेटंट घेतलं, ते ओलं कापड सुकवण्यासाठी. साखरवाल्यांनी ही युक्ती पुढे उचलली. १८५०च्या दशकात डेव्हिड वेस्टन यांनी हवाई बेटांवरच्या साखरेसाठी हे यंत्र सुधारलं. म्हणजे आपल्या कारखान्यातलं सेंट्रिफ्यूगल मुळात कपड्यांसाठी जन्माला आलं होतं.

आकडेमोड करून पाहिली तर नातं आणखी स्पष्ट होतं. ड्रायरचं पिंप साधारण २४ सेंटिमीटर व्यासाचं आणि मिनिटाला १,३५० फेरे घेणारं धरलं, तर आतल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास २४५ पट ओढ पडते. सव्वा मीटर व्यासाचं कारखान्यातलं टोपलं १,२०० फेऱ्यांनी फिरलं तर ही ओढ हजार पटीच्या आसपास जाते. कपडा पिळणाऱ्या मनगटाची ताकद याच्यापुढे काहीच नाही.

शेतीच्या अवजारांचे भाऊबंद

धुलाईयंत्राचं मूळ शेतात आणि गोठ्यात जागोजागी सापडतं. जर्मनीतली मीले कंपनी १८९९ साली सुरू झाली ती दुधातून साय वेगळी करणारी यंत्रं बनवायला. तेही फिरकीचंच काम. दोन-चार वर्षांतच तिने लोणी घुसळण्याच्या लाकडी पिंपावरून धुलाईयंत्र तयार केलं. अमेरिकेत आयोवा राज्यातली मेटॅग कंपनी १८९३ पासून मळणीयंत्राला पेंढ्या भरवणारी जोडयंत्रं बनवत होती. शेतीअवजारांचा धंदा हंगामी. मधल्या काळात कामगारांच्या हाताला काम हवं, म्हणून तिने १९०७ साली धुलाईयंत्र काढलं. वीज न पोचलेल्या शेतघरांसाठी पुढे तिने पायाने किक मारून सुरू होणारं पेट्रोल इंजिनही यंत्राला जोडलं.

ऊस, दूध आणि मळणी या तिन्हींवर जगणाऱ्या आपल्या भागाला ही वंशावळ परकी वाटू नये. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ साखर कारखाना उभारला. त्यातून वालचंदनगर वसलं आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसिंगपर्यंत कामं झाली. या परिसरात बेअरिंग, शाफ्ट, पुली, गिअर हे शब्द घरात जेवतानाही ऐकू येतात.

आपल्याकडे ही यंत्रं मध्यमवर्गीय घरांत शिरली ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या व्हिडिओकॉनने आणि टीव्हीएस-व्हर्लपूलसारख्या नावांनी बाजार उघडला. गोव्यात आयएफबीने बॉशच्या तंत्रावर पुढून दार उघडणारी यंत्रं आणली. व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या काळातली दोन टबांची यंत्रं मात्र अजून जिन्याखाली, गोठ्याच्या कडेला, बंद पडलेल्या अवस्थेत सापडतात.

पाण्याने लिहिलेला इतिहास

१८८०च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि हा दुष्काळी मुलूख हिरवा झाला. त्याचबरोबर खारवटपणाही आला. डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. जमिनीतले क्षार विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं असं जड पाणी साबणाला फेस येऊ देत नाही, उलट साबणाचा चिकट साका करतं.

दुरुस्तीला घेतलेल्या जुन्या यंत्राचा पल्सेटर, म्हणजे टबच्या तळाशी फिरणारं पातं, मधला स्क्रू काढून उचललं की हा सगळा इतिहास खाली दिसतो. पांढरा खडखडीत थर, त्यात अडकलेला करडा साका, सुताचे धागे, एखादं शर्टाचं बटण. हा थर छिन्नीने फोडायचा नाही, प्लास्टिक तडकतं. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात पातं रात्रभर ठेवलं की थर मऊ पडतो आणि ब्रशने निघतो.

पुढचं काम मागचा पत्रा काढून. आधी प्लग काढायचा, मग कपॅसिटरमधला उरलेला भार रेझिस्टर लावून उतरवायचा. प्रत्येक वायरीचा रंग आणि जागा यांचा फोटो घ्यायचा. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तर पहिला संशय कपॅसिटरवर. ड्रायर खडखडत असेल तर त्याच्या तळाचा रबरी बेलो तपासायचा. तो फाटला की पाणी थेंबाथेंबाने खालच्या मोटरवर पडतं, बेअरिंग गंजतं आणि शेवटी वाइंडिंग जळतं. पन्नास-शंभर रुपयांचं रबर वेळेवर बदललं नाही म्हणून अख्खं यंत्र भंगारात जातं, हे या यंत्रांचं नेहमीचं मरण आहे.

धुण्याच्या टबची मोटर आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरते, ती करामत पाहण्यासारखी. आत एकसारखी दोन वाइंडिंग असतात. टायमर कपॅसिटरला कधी एकाच्या, कधी दुसऱ्याच्या मालिकेत घालतो आणि फिरण्याची दिशा उलटते. हा टायमर चावीच्या घड्याळासारखा: स्प्रिंग, दाते आणि उंचसखल चकत्या. उघडला की कळतो. त्यात चिप नाही, सॉफ्टवेअर नाही.

आणि जळलेलं वाइंडिंग? शेतीपंपांच्या कृपेने आपल्याकडे मोठ्या गावांत मोटर रिवायंडिंगचं दुकान असतंच. पाणबुडी मोटर भरणाऱ्या हातांना ही छोटी मोटर अवघड नाही. गंजलेला तळ कापून नवा पत्रा वेल्ड करायला ट्रॉल्या बनवणारा फॅब्रिकेटर आहे, झिजलेल्या बुशला लेथवाला आहे. परदेशातल्या छांदिष्टांना जे सुटे भाग महिनोन्महिने शोधावे लागतात, ते इथे घडवून घेता येतात.

एकदा यंत्र फिरू लागलं की हौसेला मोकळं रान. बॉडीला आवडीचा रंग किंवा पावडर कोटिंग, मोरीच्या ओल्या फरशीपासून वर उचलणारा अँगलचा स्टँड, आतली हालचाल दिसावी म्हणून मागे पत्र्याऐवजी पारदर्शक झाकण. दोन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. ड्रायरचं झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच आणि पिंपाला आवळणारा ब्रेक जसेच्या तसे चालले पाहिजेत. शिवाय पक्कं अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

मान कुणाला?

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ईटन गावी ली मॅक्सवेल या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी हजाराहून अधिक जुनी धुलाईयंत्रं गोळा करून, दुरुस्त करून संग्रहालय उभं केलं. आपल्याकडे जुनी बुलेट, जुनी जीप, जुनी स्कूटर कौतुकाने सजवली जाते. व्हेस्पा बनवणाऱ्या बारामतीत तर स्कूटरवरचं प्रेम समजण्यासारखंच आहे. वॉशिंग मशीन मात्र भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने जातं. मला याचं कारण तांत्रिक वाटत नाही. जे यंत्र पुरुषाने रस्त्यावर मिरवलं, त्याला वारसा म्हटलं गेलं. जे मोरीत बाईचं काम हलकं करत राहिलं, ते नुसती वस्तू ठरलं.

कालव्याच्या फाट्यावर उन्हातान्हात गोधड्या आपटणाऱ्या, ओल्या सतरंज्या दोघींनी मिळून पिळणाऱ्या बायकांच्या कमरेचं आणि मनगटांचं दुखणं कुठल्या दप्तरात नोंदलेलं नाही. ते दुखणं ज्या यंत्राने कमी केलं, त्याची नोंद तरी ठेवूया. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात शेतीअवजारांबरोबर घरगुती उपकरणंही आहेत. हा हक्क बजावायला कौशल्य लागतं आणि ते इथे आहे. आयटीआयच्या मुलामुलींना एकेक जुनं यंत्र उघडायला द्यावं. कपॅसिटर, ब्रेक, गिअर आणि केंद्रोत्सारी ओढ असे चार धडे त्यात एकत्र मिळतात. वालचंदनगरात किंवा बारामतीत एक दालन व्हावं, जिथे कारखान्याचं जुनं सेंट्रिफ्यूगल, डेअरीचा क्रीम सेपरेटर आणि चालू स्थितीतलं दोन टबांचं वॉशिंग मशीन शेजारी-शेजारी मांडलेलं असेल. शेजारच्या पाटीवर इंजिनिअरच्या नावाबरोबर ते यंत्र वर्षानुवर्षं चालवणाऱ्या बाईचंही नाव, तिच्या संमतीने, लिहिलं जावं. दिवाळीच्या साफसफाईत जिन्याखालचं मशीन बाहेर निघेल, तेव्हा काटा लावण्याआधी एकदा मागचा पत्रा उघडून पाहा.